अर्धाच सांगितलेला विल्सन जोन्स

ऑक्टोबर २००३ मध्ये पेपरच्या खेळाच्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक छोटी बातमी होती. बिलियर्ड्सचे माजी जगज्जेते विल्सन जोन्स यांचं मुंबईत निधन, वय एक्याऐंशी. मी ती कापून वहीत ठेवली. बिलियर्ड्सशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी कॅरमवाला माणूस. पण जोन्स यांचा जन्म पुण्याचा, असं त्या बातमीत होतं, आणि ते मला आमच्या घरातल्या एका पोराला दाखवायचं होतं.

तो पोरगा म्हणजे माझा पुतण्या. त्या दिवसांत गडहिंग्लजमध्ये एका गाळ्यात पूलची दोन टेबलं आली होती. मिरची-गुळाच्या सौद्यांचं आणि फुटबॉलचं वेड असलेलं हे गाव, इथं काठीनं चेंडू ढकलायला कोण येणार, असं जुन्या लोकांना वाटलं. पण कॉलेज सुटलं की पोरं तिथं रांग लावायची. हरणाऱ्यानं टेबलाचं भाडं द्यायचं, हा तिथला कायदा. पुतण्याला जवळजवळ वर्षभर खिशात हात घालावाच लागला नाही. आजऱ्याची पोरं आली, संकेश्वरची आली, निपाणीची आली. भाडं भरून परत गेली. घरात आम्ही दखनी बोलतो, पण स्टिकच्या टोकाला खडू लावत तो समोरच्याला जे काय बोलायचा ते अस्सल गडहिंग्लजी मराठीत. ते इथं छापण्यासारखं नाही.

मी त्याला कात्रण दाखवलं. म्हटलं, बघ, हा माणूस आपल्या महाराष्ट्रातला. १९५८ मध्ये कलकत्त्याला जगज्जेता झाला, १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा झाला. कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला स्वतंत्र भारताचा पहिला माणूस. बारा वेळा बिलियर्ड्सचा राष्ट्रीय विजेता, पाच वेळा स्नूकरचा. १९६५ मध्ये पद्मश्री. हे सगळं खरंच होतं. पण मी त्याला अर्धंच सांगितलं. मलाही तेव्हा तेवढंच ठाऊक होतं.

२००५ मध्ये पुण्याला एक स्पर्धा निघाली. भाईजान नको म्हणत होते. भाभींनी भिशीतले पैसे काढून दिले, आणि भरीला मी होतोच. कवी माणसाला दुसऱ्याच्या पोराला युद्धावर पाठवायला काय लागतं? तिसऱ्या दिवशी रात्रीच्या एस.टी.नं तो परत आला. पहिल्याच फेरीत हरला होता. मी विचारलं, किती फरकानं? म्हणाला, ‘चाचा, फरक कसला? त्यानं मला टेबलाजवळ उभंच राहू दिलं नाही. मी खुर्चीत बसून होतो.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कॅरममध्ये समोरचा चांगला असला तरी आपण निदान बोर्डाशी बसलेले असतो. पूल, स्नूकर, बिलियर्ड्स या तिन्ही खेळांत समोरच्याचा हात चालू असेपर्यंत आपण खुर्चीत. तो चुकला तरच आपली पाळी. त्यामुळे इथं हरणं म्हणजे कितीतरी वेळ नुसतं बघत बसणं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं स्टिक हातात घेतली नाही. गाळ्यातली पोरं हसली असतील, हे कारण होतंच. पण खरं म्हणजे त्याला वाटू लागलं होतं की आपण खेळाडू नव्हतोच, गाळ्यात कुणी बरं नव्हतं म्हणून जिंकत होतो.

मग मी जोन्स यांचं उरलेलं अर्धं शोधायला लागलो. जिथं मिळेल तिथं वाचलं, क्रीडा पत्रकार मित्राला फोन केले. आणि चकित झालो.

पहिली गोष्ट कळली ती टेबलाची. बिलियर्ड्सचं टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद, आत दगडी पाट्या, वर हिरवं लोकरी कापड. ते चौकात मांडता येत नाही. म्हणून हा खेळ इंग्रजांच्या बरोबर छावण्यांत आणि क्लबांत आला आणि तिथंच राहिला. स्नूकर तर इथंच जन्मलं. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं ते काढलं, आणि पुढं उटीच्या क्लबात त्याचे नियम बसले. (पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे.) क्लबात टेबलाशी एक मार्कर असायचा. गुण मांडायचा, खडू-काठ्या सांभाळायचा, साहेबाला जोडीदार नसला तर खेळायचाही. त्यांतले कितीजण साहेबापेक्षा सरस असतील! त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. आपल्याकडचा गुणी खेळाडू कठीण प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोचायचा तर आधी त्याला त्या दारातून आत शिरावं लागे.

जोन्स शिरले. देशात त्यांना तोड उरली नाही. आणि मग बाहेर पडल्यावर काय झालं? १९५१ मध्ये लंडनला जागतिक हौशी स्पर्धा झाली. किताब ऑस्ट्रेलियाच्या बॉब मार्शलनं नेला. १९५२ मध्ये स्पर्धा खुद्द कलकत्त्याला आली. आपलं हवामान, आपले प्रेक्षक. किताब नेला इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफील्डनं. १९५४ मध्ये सिडनीला टॉम क्लिअरी जिंकला. या तिन्ही स्पर्धांत जोन्स होते आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातानं आले. घरच्या मैदानावरही आले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरी येऊन बॅगा उघडल्या की पुन्हा राष्ट्रीय विजेतेच! एखाद्यानं तिथं गोड मानून घेतलं असतं. देशात पहिला नंबर काही कमी असतो का? ते सात वर्षं थांबले, १९५८ पर्यंत. मी पुतण्याला १९५८ सांगितलं होतं. १९५१, १९५२ आणि १९५४ माझ्या कात्रणात नव्हते.

कोल्हापूरच्या माणसाला खरं तर हे नवं वाटू नये. कुस्तीत आपण ते पाहिलं आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले ते मातीत वाढलेले पैलवान. तिथं कुस्ती गादीवर. त्या अनोळखी गादीवर ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझपदक मिळालं. त्या दुसऱ्या प्रवासाला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं, हे आपल्याकडं शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. भाभींची भिशी आठवून मला तेव्हा बरं वाटलं. आणि त्याच्याही आधीचं पाहा. शाहू महाराजांनी पंजाबातले पैलवान कोल्हापुरात आणले, पोसले. १९१२ मध्ये खासबाग मैदान सुरू झालं ते इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीनं. आपल्या पोरांना बाहेर पाठवणं जमत नाही तर बाहेरचे तगडे गडी आपल्या लाल मातीत आणायचे. आमच्या गडहिंग्लजच्या फुटबॉलवाल्यांनी पुढं तेच केलं. दिवाळीच्या सुमारास स्पर्धा भरवून गोव्याचे, केरळचे, बंगळूरचे संघ बोलावले. आमची पोरं त्यांच्याकडून हरली, आणि पुढच्या वर्षी थोडी कमी हरली. पूलच्या गाळ्यात असं कुणी कुणाला बोलावत नव्हतं.

कवितेतलंही सांगतो, आपल्यावरचं आहे म्हणून. बी.ए. झालो तेव्हा तालुक्यातल्या कविसंमेलनांत टाळ्या फक्त मला. मग एकदा एका मोठ्या शहरातल्या मुशायऱ्यात मराठी गझल वाचायला उभा राहिलो. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या शायरानं कागद न घेता जे वाचलं ते ऐकल्यावर मी माझ्या चार शेरांपैकी दोनच वाचून खाली बसलो. त्या रात्री लॉजवर मी त्याचा राग केला होता, माझा नाही.

जोन्स यांच्यानंतर मुंबईचे मायकेल फरेरा आले. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जोन्स दुसऱ्यांदा जिंकले त्या स्पर्धेत फरेराही होते. त्यांचा स्वतःचा पहिला जागतिक किताब १९७७ चा. मधली तेरा वर्षं मोजा. पुढं १९८१ आणि १९८३ मध्येही ते जिंकले, आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत एकाच खेपेत, म्हणजे हात न चुकता, त्यांनी ११४९ गुण केले. समोरचा माणूस किती वेळ खुर्चीत बसला असेल! मुंबईचेच यासीन मर्चंट १९८९ मध्ये आशियाई स्नूकर विजेते झाले आणि मग इंग्लंडला व्यावसायिक खेळाडूंच्या गर्दीत गेले. इथं सिंह, तिथं नवखे. तरी गेले. आणि ज्या वर्षी जोन्स वारले त्याच २००३ मध्ये, पुण्यातच जन्मलेला, बंगळुरात वाढलेला पंकज अडवाणी अठराव्या वर्षी चीनमध्ये स्नूकरचा जगज्जेता झाला. त्याचे पुढचे किताब मोजता मोजता दमायला होतं.

पण मला सगळ्यांत आवडली ती बॉब मार्शलची हकिकत. १९५१ ला लंडनला किताब नेला तोच मार्शल. त्याआधी १९३६ आणि १९३८ मध्ये, ही स्पर्धा ब्रिटिश साम्राज्यापुरती होती तेव्हाही तो जिंकला होता, आणि १९६२ मध्ये पुन्हा. हा गृहस्थ १९८५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, दिल्लीला खेळायला आला आणि थेट अंतिम सामन्यात पोचला. समोर चोवीस वर्षांचा गीत सेठी. सेठी जिंकला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस एवढ्या लांब येऊन पोराच्या समोर खुर्चीत बसतो, हे काय असेल?

हे सगळं मी एका संध्याकाळी पुतण्याला सांगितलं. अंगणात बसलो होतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मार्शलचं वय मात्र दोनदा विचारलं. मग आत जाऊन पोरांच्या दप्तरातला खडू आणि भाईजानचा टेप घेऊन आला. फरशीवर एक चौकट आखली, सात बाय साडेतीन. ‘चाचा, हे आपल्या गाळ्यातलं टेबल.’ तिच्याभोवती दुसरी, नऊ बाय साडेचार. ‘हे पुण्याचं. कापड एवढं गुळगुळीत की चेंडू थांबतच नव्हता. मला अंदाजच येईना.’ हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. मग विचारलं, ‘आणि जोन्सचं?’ मी म्हटलं, बारा बाय सहा. टेपचं टोक त्यानं माझ्या हातात दिलं आणि मागं मागं सरकत गेला. एक कुंडी उचलून बाजूला ठेवावी लागली. रेघ न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. भाभी आतून ओरडल्या की फरशी कोण पुसणार. तो त्या टोकाला वाकून, एक डोळा मिटून, काठी नसलेल्या हातानं माझ्या दिशेनं नेम धरून बघत होता.