परमुलखातला मार्का : इथिओपियाच्या कॉफीची हकीकत



आंबा कर्नाटकातला आणि पेटीवर नाव देवगडचे, ही तक्रार वाशीच्या बाजारात दर हंगामात कानावर येते. पण ही झाली आपल्या मुलखातली गोष्ट. इथे कायदा आपला, दाद मागायची जागाही आपलीच. तोच माल समुद्रापलीकडे गेला आणि तिथे तिसऱ्याच कुणी आपल्या गावाचे नाव मार्का म्हणून स्वतःच्या खाती नोंदवायला घेतले, तर काय करायचे? आफ्रिकेतल्या इथिओपिया देशावर हाच प्रसंग आला होता. आपल्या निर्यातीच्या गटांनी ती हकीकत समजून घ्यावी अशी आहे.

इथिओपिया हे अरेबिका कॉफीचे मूळ घर. तिथल्या डोंगरी जंगलात ती आपोआप उगवते. सुमारे दीड कोटी लोकांचे पोट या पिकावर आहे आणि त्यात बागाईतदार थोडे, लहान शेतकरीच फार. पूर्वेकडे हरार भागात फळ न धुता, सालीसकट उन्हात वाळवतात. दक्षिणेकडच्या यिर्गाचेफेची धुतलेली कॉफी फुलासारखा वास देते. तिसरे मोठे नाव सिडामोचे. ही तिन्ही मुलखांची नावे, आपल्याकडे रत्नागिरी किंवा नागपूर म्हणावे तशी. चवीचे जाणकार या नावांना जादा पैसे मोजतात.

मग शेतकऱ्याला काय मिळत होते? 1989 साली आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटा पद्धत मोडली. पुढच्या दहा वर्षांत व्हिएतनामचा माल बाजारात लोटला आणि 2001-02 च्या सुमारास भाव पार तळाला गेले. हरारकडच्या कित्येकांनी कॉफीची झाडे उपटून तिथे 'चाट' लावली. चाट म्हणजे चघळायचा नशेचा पाला. त्याला रोख गिऱ्हाईक होते. इकडे अमेरिकेतल्या दुकानात इथिओपियाची निवडक कॉफी पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, वीस डॉलरच्या वर विकली जाई आणि उत्पादकाच्या हाती एक डॉलरच्या आसपास पडे. मधला पैसा नावाचा होता, आणि नाव कुणाच्याच मालकीचे नव्हते.

इथिओपिया सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाचे प्रमुख तेव्हा गेटाचेव मेंगिस्टी होते. 2005 साली या कार्यालयाने अमेरिकेत हरार, सिडामो आणि यिर्गाचेफे या तीन नावांसाठी व्यापारचिन्हाचे, म्हणजेच ट्रेडमार्कचे, अर्ज टाकले. आता तुम्ही म्हणाल, आपल्या हापूसला आहे तसे भौगोलिक मानांकन का नाही घेतले? कारण सरळ होते. मानांकन म्हटले की गोणी न् गोणी कुठल्या शेतातली, याचा दाखला लागतो. तिथे कॉफीचे तुकडे चाळीस लाखांच्या घरात, आणि माल कुणी डोक्यावर तर कुणी गाढवावर घालून बाजाराला नेणार. दाखले द्यायचे कुणी आणि त्याचा खर्च सोसायचा कुणी? त्यापेक्षा नावाची मालकी देशाने घ्यावी आणि विकणाऱ्याला परवाना द्यावा, तोही बिनपैशाचा, असा हिशोब त्यांनी मांडला. परवान्याची फी न घेण्यातच मला त्यांची हुशारी दिसते. आधी नाव आपले आहे हे कबूल करून घ्यायचे, भावाचे बोलणे मग करायचे. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या वकिली कंपनीनेही हे काम फुकट केले.

अर्ज गेला आणि अडचण उभी राहिली. अमेरिकेतल्या स्टारबक्स कंपनीने 2004 सालीच 'शिर्किना सन-ड्राइड सिडामो' या नावासाठी अर्ज केला होता. शिर्किना हा इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतला शब्द. अर्थ भागीदारी, आपल्या 'शरीक'चाच तो भाऊबंद! पण आधीचा अर्ज पुढे उभा असल्याने सिडामो नावाच्या खऱ्या धन्याचा अर्ज अडला. नोंदणीच्या रांगेत अर्जाची तारीख बघतात, बरं का, पीक कुणाचे ते नंतर. त्यातच अमेरिकेच्या कॉफी व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने हरकत घेतली. ही नावे आता कॉफीच्या प्रकाराची सामान्य नावे झाली आहेत, ती एकट्याला देता येणार नाहीत, असे तिचे म्हणणे. अमेरिकन कार्यालयाने हरार आणि सिडामोला पहिल्यांदा याच कारणावरून नकार दिला.

इथिओपिया मागे हटला नाही. 2006 मध्ये स्टारबक्सने आपला अर्ज सोडला आणि त्याच वर्षी यिर्गाचेफेची नोंदणी झाली. ऑक्सफॅम या संस्थेने मोहीम उघडली, हजारो ग्राहकांनी कंपनीला पत्रे धाडली. जून 2007 मध्ये कंपनीने इथिओपियाशी परवान्याचा करार केला. 2008 मध्ये सिडामोलाही नोंदणी मिळाली, आणि हरारलाही.

पण अमेरिकेत जिंकले म्हणून सगळीकडे जिंकले असे होत नाही. जपानने 2006 मध्ये नोंदणी दिली, तिथल्या कॉफी संघाने हरकत घेतली आणि ती रद्द ठरवली गेली. 2010 साली तिथल्या बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा, कॉफी खरोखर त्या मुलखातली असेल तेवढ्यापुरती नोंदणी टिकली. दर देशाचा कायदा निराळा, आणि लढाईही निराळी.

घरातही एक घोळ झाला. 2008 मध्ये अदिस अबाबात नवा माल-विनिमय बाजार सुरू झाला. तिथे कॉफीची प्रतवारी करून माल एकत्र करत आणि गोणी कुठल्या गावची हे पुसले जाई. बाहेर नावासाठी भांडायचे आणि घरी नाव मिसळून टाकायचे, असा प्रकार! सहकारी संघांना थेट निर्यातीची मुभा होती म्हणून त्यांचे बरे चालले. बाकीच्यांसाठी ही पद्धत 2017 पासून सैल होऊ लागली.

आता आपल्याकडे बघा. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आहेत. ते भारतापुरते आहे, परदेशात वेगळा अर्ज लागतो. तुमच्या गटाचा किंवा शेतकरी कंपनीचा मार्काही तसाच. 8 जुलै 2013 पासून भारत माद्रिद करारात आहे. त्यामुळे इथल्या व्यापारचिन्ह कार्यालयामार्फत एकाच अर्जात अनेक देश मागता येतात. फी स्विस फ्रँकमध्ये असते आणि निवडाल तितक्या देशांची भरावी लागते. मात्र आधी भारतात त्याच चिन्हाचा अर्ज किंवा नोंदणी हवी. इथली नोंदणी पहिल्या पाच वर्षांत पडली, तर तिच्यावर उभी असलेली परदेशची नोंदणीही पडते. होकार-नकार शेवटी त्या त्या देशाच्या हातात. भारतातल्या अर्जापासून सहा महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केला तर इथलीच तारीख धरली जाते. सिडामोचे काय झाले ते आठवले की या सहा महिन्यांची किंमत कळेल. चीनसारख्या देशात तर जो आधी नोंदवेल त्याचाच हक्क पुढे चालतो. तिथे माल पाठवायचा विचार असेल तर त्यांच्या लिपीतले नावही नोंदवून घ्यावे.

आणखी एक. परदेशी आयातदार कधी कधी 'नोंदणी आम्हीच करून घेतो, तुम्ही काळजी करू नका' असे म्हणतात. अर्ज कुणाच्या नावावर टाकणार हे पहिली पेटी जहाजावर चढायच्या आधी विचारा, आणि अर्जदार म्हणून तुमच्या गटाचे नाव राहील असे करारात लिहून घ्या. नोंदणी दहा वर्षांची असते. पुढे नूतनीकरण करावे लागते, तेव्हा ती तारीख सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवा. सचिव बदलला तरी ती सापडली पाहिजे. व्यापारचिन्ह कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, आणि अर्ज संगणकावरूनही भरता येतो.