वही कोणाची? १८७५ चे कर्जरोखे, प्रवरेचा कारखाना आणि ब्लॉकचेन

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय ठरलाय : 'सहकारी साखर कारखान्यासाठी सभासदांच्या सहभागातून ब्लॉकचेन प्रकल्पाची आखणी'. विषय चांगला आहे. पण लिटरेचर रिव्ह्यू बहुतेक जण २००८ पासून सुरू करतात, म्हणजे सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनचा शोधनिबंध आला तिथून. तुमचं क्षेत्र अहिल्यानगर जिल्हा असेल, तर आणखी १३३ वर्षं मागे जा.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. हे लोण लवकरच तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, पारनेर-श्रीगोंदा भागात पोचलं. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. लुटालूटही झाली, पण जमावाचा मुख्य रोख होता कागदांवर : कर्जरोखे, खतं, वह्या. कागद हाती आले की त्यांची होळी व्हायची. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तर सहसा त्याच्या अंगाला हात लागत नसे.

राग कागदांवरच का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं केली. हेतू कर्जदाराच्या बाजूचा होता. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. त्यातच अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि सारावाढही आली. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, वही एकच होती, आणि ती सावकाराच्या घरात होती. कोर्टात गेलं तरी पुरावा म्हणून तीच वही पुढे यायची.

आता १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा बघा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो केला गेला. त्यातल्या तीन तरतुदी आजच्या भाषेत वाचण्यासारख्या आहेत. एक, शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा. दोन, पैसे भरले की लेखी पावती मिळावी. तीन, वर्षाचा हिशोब आणि मागितल्यास पासबुक मिळावं. म्हणजे तिसरा साक्षीदार आणि वहीची दुसरी प्रत कर्जदाराच्या हातात. ब्लॉकचेनवाले ज्याला 'वितरित खातेवही' म्हणतात, त्याची कल्पना इथे कागदावर दिसते.

मग प्रश्न सुटला का? नाही, आणि तुमच्या संशोधनाला सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे. कायद्याने गहाणावर बंधनं आणली, तेव्हा अनेक सावकार गहाणाऐवजी सरळ विक्रीखत लिहून घेऊ लागले. दस्त निबंधकासमोर झालेला, सही-अंगठा खरा, नोंद कायद्याला धरून. फक्त खरा व्यवहार कर्जाचा आणि कागद विक्रीचा. नोंद अस्सल आणि मजकूर खोटा, असं होऊ शकतं.

पुढचा टप्पा सहकाराचा. १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९२३ मध्ये लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने पतपेढी उभी राहिली. त्याच परिसरात प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. साखर तयार करण्याचं तंत्र जुनंच होतं, पण आता वहीच शेतकऱ्यांच्या मालकीची झाली. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्येही 'एक सभासद, एक मत' हेच तत्त्व आलं. भाग एक असो की शंभर, मत एकच.

इथे थोडं तंत्र. ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा हॅश असतो. हॅश म्हणजे त्या माहितीचा गणिती ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. दस्तऐवजांवर अशा साखळीने वेळेचा शिक्का मारायची पद्धत हेबर आणि स्टोर्नेटा यांनी १९९१ मध्येच मांडली होती. साखळीच्या प्रती अनेकांकडे असल्या, तर जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही. 'अनेकांकडे' या शब्दावर सगळं उभं आहे. सगळे नोड कारखान्याच्याच सर्व्हर रूममध्ये असतील, तर ती सावकाराची एकुलती एक वहीच झाली, फक्त महाग.

आता उसाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. लागवडीची नोंद, तोड, वाहतूक, वजनकाटा, गाळप, उतारा, बिल, कपाती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागतं. ऊस पोचल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख ही साखळीवर ठेवण्याजोगी उत्तम नोंद आहे, कारण तिच्यावर भांडण होतं आणि ती दोन्ही बाजूंना तपासता येते. पण काटामारीचं काय? काट्यावर वजन कमी दाखवलं गेलं, तर साखळी तो खोटा आकडा प्रामाणिकपणे कायमचा जपून ठेवेल. उताऱ्याचंही तेच. एफआरपी उताऱ्याशी बांधलेली, आणि उतारा निघतो कारखान्याच्याच प्रयोगशाळेत. १८७९ नंतरच्या विक्रीखतासारखंच हे. म्हणून काट्याची तपासणी कोण करणार, उताऱ्याचा नमुना दुसरीकडे कोण तपासणार, हे सॉफ्टवेअर निवडण्याआधी ठरवा.

नोड कोणाकडे द्यायचे? गावच्या विकास सोसायट्या, जिल्हा सहकारी बँक, शेतकरी संघटना असे एकमेकांशी हितसंबंध न जुळणारे पक्ष शोधा. मतदानाचा नियमही तपासा. बऱ्याच सार्वजनिक साखळ्यांत ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याचं वजन जास्त. तो नियम जसाच्या तसा आणला, तर 'एक सभासद, एक मत' मागच्या दाराने बाहेर जाईल. आणि शेतकऱ्याचं नाव, थकबाकी साखळीवर लिहू नका. तिथून ती पुसता येत नाही. तिथे फक्त हॅश ठेवा.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड : 'कम्युनिटी' म्हणजे कोण? सभासद, हे सोपं उत्तर. पण ऊस तोडणारा सभासद नसतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडून, पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून नवरा-बायकोचा कोयता दर हंगामाला बाहेर पडतो. त्यांनी घेतलेली उचल, फिटलेली रक्कम आणि राहिलेली बाकी बहुतेक वेळा मुकादमाच्या वहीत असते. वही एकच आणि ती देणाऱ्याच्या बाजूला. १८७५ सालचा प्रश्न पश्चिमेकडच्या बागायतीत बराचसा सुटला, पण त्याच उसाच्या फडात तो कोयत्यासोबत परत आला.

म्हणून संशोधनाचा प्रश्न 'ब्लॉकचेनने पारदर्शकता वाढेल का?' असा ठेवू नका. त्याचं उत्तर व्हायव्हात कोणीही खोडून काढेल. असा ठेवा : या व्यवसायातल्या कोणत्या नोंदीवर वाद होतो, ती नोंद पहिल्यांदा कोण लिहितं, लिहिताना समोर साक्षीला कोण असतं, आणि तिची प्रत आज कोणाकडे नाही? या चार रकान्यांचा तक्ता घेऊन एका हंगामात काट्यावर, गटऑफिसात आणि फडावर जा. ज्याच्याकडे प्रत नाही, त्याला ती वहीच्या पानावर देऊन काम भागत असेल, तर प्रबंधात तसंच लिहा. तोही निष्कर्षच आहे. भागत नसेल, तर तुमच्या प्रकल्पाचा पहिला नोड कुठे बसवायचा, हे त्या तक्त्यातच सापडेल.