दोन तारकांमधील शब्द

खिळे हातानें जुळविले जात, त्या काळीं लेखकानें हस्तलिखितांतील शब्दाखालीं एक रेघ ओढली म्हणजे तो शब्द तिरप्या टाइपांत घ्यावा, असा संकेत यूरोप-अमेरिकेंतील छापखान्यांत रूढ होता. नागमोडी रेघ ठळक खिळ्यांची सूचना देई. रेघ स्वतः कधीं छापली जात नसे. जुळारी तिचा हेतु ओळखून ती सोडून देई. संगणकापाशीं असा जाणता जुळारी बसलेला नसतो. त्याच्या जागीं जें साधन आलें त्याचा उगम, नवल असें कीं, मज्जातंतूंच्या गणितांत आहे.

१९५१ सालीं स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञांनीं मज्जातंतूंच्या कल्पित जाळ्यांचा विचार करितांना 'रेग्युलर' आकृतिबंधांची कल्पना मांडली. एखादी गोष्ट एकदांहि न यावी वा कितीहि वेळां यावी, हें दर्शविण्यास त्यांनीं तारकेचें चिन्ह योजिलें. १९६८ सालीं केन टॉम्प्सन यांनीं असे आकृतिबंध मजकुरांत शोधण्याची रीत आयबीएमच्या ७०९४ यंत्रासाठीं प्रसिद्ध केली. लॅरी वॉल यांच्या १९८७ च्या पर्ल भाषेंत तर शोधणें व बदलणें एका ओळीचें काम झालें.

इकडे टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीएमएलमध्यें साध्या जोर दिलेल्या शब्दालाहि मागेंपुढें कोनी कंसांतील खुणा द्याव्या लागत. पत्र लिहिणारे लोक मात्र शब्दाच्या दोहों बाजूंस एकेक तारका ठेवून मोकळे होत. हीच लोकांची संवय प्रमाण मानून जॉन ग्रुबर यांनीं २००४ सालीं 'मार्कडाउन' ही लेखनरीत व तिचें एचटीएमएल करणारा पर्लमधील कार्यक्रम प्रसिद्ध केला. ॲरन श्वार्ट्झ यांचें त्यांस साहाय्य होतें.

काम सोपें भासतें. तें तसें नाहीं. 'आज *घाई* नको, उद्यां *उशीर* नको' हें वाक्य घ्यावें. 'तारका, मग कांहींहि, मग तारका' असा आकृतिबंध लावला तर तो अधाशीपणें पहिल्या तारकेपासून शेवटच्या तारकेपर्यंत सर्व गिळतो, आणि मधलें 'नको, उद्यां' हेंहि तिरपें होतें. याला लगाम घालणारें चिन्ह पर्लच्या १९९४ च्या पांचव्या आवृत्तींत आलें. पुढें क्रमाचा प्रश्न. ठळक शब्दास दुहेरी तारका असतात. एकेरीचा नियम आधीं चालविला तर एक तारका आंत व एक बाहेर उरते. म्हणून ग्रुबर यांनीं दुहेरीचा नियम पहिला ठेविला. शिवाय तारका हें आकृतिबंधाचेंच चिन्ह असल्यानें, खरीखुरी तारका शोधावयाची तर तिच्यापुढें उलटी तिरकी रेघ द्यावी लागते!

तारकेप्रमाणें अधोरेषाहि जोर दाखविण्यास चाले. परंतु संगणकाच्या फायलींच्या नांवांत शब्द जोडण्यास तीच वापरतात. दोन अधोरेषा असलेल्या नांवाचा मधला भाग तिरपा होई, अधोरेषा नाहींशा होत, आणि नांव चुकीचें छापलें जाई. लेखकानें अक्षर न् अक्षर बरोबर लिहूनहि वाचकाला तें चुकीचें मिळे. जुळाऱ्याच्या हातून झालेली चूक मुद्रितांत सांपडे. येथें मुद्रित पाहणाराच नसे.

एकांत एक गुंतलेल्या खुणा कितीहि खोल गेल्या तरी मोजणें क्लीनी यांच्या आकृतिबंधांच्या शक्तीबाहेरचें आहे. २०१४ सालीं जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'कॉमनमार्क' नांवाचे काटेकोर नियम प्रसिद्ध केले. त्यांत शब्दाच्या पोटांतील अधोरेषा जशीच्या तशी राहते. त्यांनीं सुचविलेल्या रीतींत प्रत्येक तारकेच्या डाव्या-उजव्या बाजूस काय आहे तें पाहून ती चळतींत ठेवितात, आणि तिची जोडीदार भेटली म्हणजेच उचलतात.