जुन्या हॅटचा जन्मदाखला

जुन्या हॅटचे वय केवळ घाटावरून ठरविणे धोक्याचे असते, कारण जुने घाट पुन:पुन्हा प्रचारात येतात. भरवशाची साक्ष आतल्या अस्तरात मिळते. इंग्लंडमध्ये १७८४ पासून १८११ पर्यंत पुरुषांच्या हॅटांवर कर होता. तो भरल्याची सरकारी मुद्रा हॅटच्या आत लावावी लागे. खोटी मुद्रा करणारास देहान्त शासन होते. अशी मुद्रा असलेल्या हॅटमधील, कपाळाशी येणारी कातडी पट्टी यंत्राने शिवलेली आढळली, तर ती मागाहून बसविलेली समजावी. शिवणयंत्रे सर्रास प्रचारात आली ती १८५० नंतर. यासाठीच जीर्ण अस्तर काढून हॅट नवी करण्याचा मोह संग्राहकांनी आवरावा. त्या चिंधीबरोबर हॅटचा जन्मदाखलाही केरात जातो.