दरडीची वाट

लालबागच्या चाळींतला गिरणी-कामगार बहुधा कोंकणांतला किंवा घाटावरचा. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी गणपतीला गांवीं जाण्याची चाल सुटली नाहीं; आणि त्या वाटेवर पावसाळ्यांत दरडीचें भय असतेंच.

बोरघाटांतील रेल्वेचें काम १८५६ मध्यें सुरू होऊन १८६३ मध्यें मार्ग खुला झाला. कातळ फोडून वाट काढली कीं वरच्या उताराचा आधार जातो. कोंकण रेल्वे १९९८ मध्यें पुरी झाली, तिलाही हा अनुभव चुकला नाहीं. २२ जून २००३ च्या रात्रीं वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून सुमारें पन्नास प्रवासी मरण पावले. पुढें उतारांवर लोखंडी जाळ्या आल्या, पावसाळी गस्त वाढली, गाड्यांचा वेग उतरला. रुळांस पहारा मिळाला. वाड्यांस मिळाला काय?

२६ जुलै २००५ म्हटलें कीं मुंबईकरांस सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. त्याच सुमारास महाड तालुक्यांत जुई, दासगांव हीं गांवें दरडींखालीं सांपडलीं, हें किती जणांस आठवतें? त्याच तालुक्यांत, तळिये येथें, २२ जुलै २०२१ रोजीं ऐंशीहून अधिक माणसें गेलीं.

सह्याद्रीच्या कातळावर माती व झिजलेला मुरूम यांचा थर असतो. संततधारेनें त्यांत पाणी मुरतें, दाब वाढतो, पकड सुटते. मग चिखल, धोंडे, झाडें एकदमच खालीं येतात. तत्पूर्वीं पुष्कळदां खुणा दिसतात. यंदा गांवीं जाल तेव्हां घरामागचा उतार पाहून या: जमिनीस नवी भेग, कललेलें झाड, एकाएकीं गढूळलेला झरा. यांतलें कांहीं दिसल्यास त्या रात्रीं तेथें निजूं नका.