एका जुन्या टीव्हीने गावाचं इंटरनेट बंद पाडलं! ईएमसी म्हणजे काय आणि इंजिनिअरला ते शिकावं का लागतं?

वेल्समधलं अबेरहोसान हे एक छोटंसं गाव. तिथे तब्बल १८ महिने एकच तक्रार होती. सकाळचे ७ वाजले की गावाचं ब्रॉडबँड ढेपाळायचं. ओपनरीच कंपनीच्या इंजिनिअरांनी वारंवार तपासणी केली, केबलचा मोठा भाग बदलून पाहिला. फरक शून्य.

शेवटी २०२० मध्ये त्यांची एक टीम लहरी मोजणारं यंत्र हातात घेऊन भल्या सकाळी पावसात गावातून फिरली. ७ वाजले आणि यंत्रावर विद्युत गोंगाटाचा मोठा झटका दिसला. त्याचा माग काढत टीम एका घरापाशी पोहोचली. त्या घरात एक जुना, सेकंडहँड टीव्ही रोज सकाळी ७ वाजता लावला जायचा. तो कायमचा बंद झाला आणि गावाचं इंटरनेट सुरळीत झालं.

टीव्ही चालू होता, चित्र दिसत होतं, आवाज येत होता. मालकाच्या दृष्टीने त्यात काहीच बिघाड नव्हता. पण तो शेजाऱ्यांना त्रास देत होता. हा त्रास होऊ नये म्हणून जे शास्त्र आणि जे नियम आहेत, त्यांना ईएमसी म्हणतात. मराठीत, विद्युतचुंबकीय सुसंगतता.

ईएमसी म्हणजे नेमकं काय?

ज्या यंत्रात वीज वेगाने चालू-बंद होते, त्यातून थोड्याफार विद्युतचुंबकीय लहरी बाहेर पडतातच. मोबाइलसारखं यंत्र त्या मुद्दाम सोडतं. चार्जर, एलईडी बल्ब, मिक्सर, लॅपटॉप यांच्यातून त्या नकळत निसटतात.

याचा अनुभव तुम्ही नक्की घेतला असेल. पूर्वी घरात मिक्सर लावला की टीव्हीवर मुंग्या यायच्या. टूजी फोन स्पीकरजवळ ठेवला की कॉल येण्याआधीच स्पीकर 'टिर्र टिर्र' करायचा. आजही स्वस्तातला एलईडी बल्ब लावला की मीडियम वेव्ह रेडिओत खरखर ऐकू येऊ शकते.

ईएमसीच्या दोन बाजू आहेत. पहिली म्हणजे यंत्राने ठराविक मर्यादेपेक्षा जास्त गोंगाट बाहेर सोडू नये. दुसरी म्हणजे बाहेरून येणारा गोंगाट सोसून यंत्राने आपलं काम नीट करत राहावं. सोप्या भाषेत सांगायचं तर, शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि शेजाऱ्याने थोडा आवाज केला म्हणून कोलमडायचंही नाही.

हे नियम आले कुठून?

रेडिओ घराघरात पोहोचला आणि खरखरीच्या तक्रारी वाढल्या. त्यावर देशोदेशी सारख्या मर्यादा असाव्यात म्हणून १९३४ मध्ये सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती सुरू झाली. आजही घरगुती उपकरणं, दिवे, गाड्या, कॉम्प्युटर यांच्यासाठी तिची वेगवेगळी मानकं जगभर वापरली जातात.

अमेरिकेत हा प्रश्न पेटला तो घरगुती कॉम्प्युटरमुळे. १९७७ मध्ये बाजारात आलेला टीआरएस-८० मॉडेल १ जवळच्या रेडिओत खरखर आणण्यासाठी बदनाम होता. १९७९ मध्ये तिथल्या एफसीसी या सरकारी संस्थेने डिजिटल यंत्रांसाठी मर्यादा ठरवल्या. हा कॉम्प्युटर त्यात बसत नव्हता. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याचं उत्पादन थांबलं.

युरोपने १९८९ मध्ये ईएमसीचा स्वतंत्र निर्देश काढला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो बंधनकारक केला. सध्या २०१४ चा सुधारित निर्देश लागू आहे. चार्जरवर दिसणारं 'सीई' चिन्ह हा त्याचाच भाग.

दोन्हीकडच्या नियमांत एक मोठा फरक आहे. युरोपमध्ये यंत्राने गोंगाट करायचा नाही आणि सोसायचाही, असं दोन्ही बघितलं जातं. एफसीसी मात्र सर्वसाधारण यंत्रांसाठी फक्त बाहेर पडणारा गोंगाट मोजते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सीई चिन्ह म्हणजे सरकारने वस्तू तपासून दिलेला शिक्का नव्हे. ईएमसीच्या बाबतीत बहुतेक वेळा कंपनी स्वतःच जाहीर करते की आमची वस्तू नियमात बसते. त्याची कागदपत्रं तयार ठेवणं आणि खोटं निघालं तर परिणाम भोगणं, ही जबाबदारीही कंपनीचीच.

भारतात काय स्थिती आहे?

युरोपसारखा सगळ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना एका छताखाली आणणारा ईएमसी कायदा भारतात नाही. इथे क्षेत्रानुसार वेगवेगळे नियम आहेत.

टेलिकॉम उपकरणांसाठी २०१७ च्या नियमांनी सक्तीची चाचणी आणली, त्यात ईएमसीचाही समावेश आहे. गाड्यांसाठी एआयएस-००४ हे मानक आहे. मोबाइल, अडॅप्टर, एलईडी दिवे यांच्यावर बीआयएसचा जो नोंदणी क्रमांक दिसतो, तो प्रामुख्याने सुरक्षिततेचा असतो. म्हणजे शॉक लागू नये, आग लागू नये यासाठीचा. त्यावरून त्या वस्तूचा विद्युत गोंगाट कळत नाही.

चाचणीच्या बाबतीत महाराष्ट्राची बाजू चांगली आहे. समीर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेचं मुख्यालय पवईत आयआयटी मुंबईच्या आवारात आहे आणि ईएमसी चाचणी हे तिचं एक महत्त्वाचं काम आहे. पुण्यातल्या एआरएआयमध्ये गाड्यांची ईएमसी चाचणी होते. इलेक्ट्रिक गाड्या वाढत असताना हे काम आणखी महत्त्वाचं ठरतंय, कारण त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये मोठा विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो.

मर्यादा किती कडक असतात?

एफसीसीचा घरगुती यंत्रांसाठीचा नियम बघा. ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ३ मीटर अंतरावर, यंत्रातून निघणारं विद्युतक्षेत्र मीटरमागे १०० मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त नको.

ही मर्यादा ओलांडायला काय लागतं? यंत्राला एक मीटर लांबीची केबल जोडलेली असेल आणि तिच्यावर ५० मेगाहर्ट्झचा अवघा ५ मायक्रोअँपिअर नको असलेला प्रवाह असेल, तर तेवढं पुरतं. यंत्रावरचा छोटा लाल दिवा साधारण १० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे त्याच्या दोन हजाराव्या भागाएवढ्या प्रवाहाने अख्खं प्रॉडक्ट नापास होऊ शकतं.

मग इंजिनिअर नेमकं कुठे अडकतात?

कॉलेजमध्ये सर्किट शिकवताना वायर म्हणजे फक्त एक रेघ असते. रेघेतून प्रवाह जातो, विषय संपला. प्रत्यक्षात बोर्डावरची प्रत्येक रेघ थोडीफार अँटेना असते.

दुसरं म्हणजे, प्रवाह जितका जातो तितका परतही येतो. सिग्नलची वाट सगळे नीट आखतात, परतीची वाट अनेकदा विसरली जाते. जास्त फ्रिक्वेन्सीला परतीचा प्रवाह सिग्नलच्या रेघेच्या अगदी खालून, ग्राउंडच्या थरातून येऊ पाहतो. तिथेच त्या थरात चीर पाडलेली असेल तर त्याला वळसा घालावा लागतो. वळसा जितका मोठा, तितका गोंगाट जास्त. आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की अशा वळशातून निघणारं क्षेत्र चौपट होतं.

म्हणूनच ईएमसी प्रशिक्षणात बोर्डाची आखणी, ग्राउंडिंग, फिल्टर, शील्डिंग आणि केबल या गोष्टींवर भर असतो. बेल लॅब्समध्ये काम केलेले हेन्री ऑट यांनी १९७६ मध्ये या विषयावर लिहिलेलं पुस्तक पुढे अनेक इंजिनिअरांसाठी पाठ्यपुस्तकच ठरलं. आयट्रिपलईची ईएमसी सोसायटी तर १९५७ पासून काम करतेय.

पण हे शिक्षण अनेकांना मिळतं ते पहिलं प्रॉडक्ट लॅबमध्ये नापास झाल्यावर. तोवर साचे तयार असतात, बोर्ड छापून झालेले असतात, लाँचची तारीख ठरलेली असते. मग केबलवर फेराइट चढवा, डब्याला आतून पत्रा लावा अशी मलमपट्टी सुरू होते. लॅपटॉपच्या काही केबलवर दिसणारा जाड गोळा म्हणजे हेच फेराइट. कधी ते पुरतं, कधी बोर्ड पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो. जी चीर आखणीच्या वेळी फुकटात टाळता आली असती, तिच्यासाठी आता पैसा आणि महिने जातात.

आपल्याला याचं काय?

रेडिओची खरखर सहन होते. पण हॉस्पिटलमध्ये इन्फ्युजन पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि डझनभर मोबाइल एकाच खोलीत असतात. तिथे गोंगाट सोसण्याची ताकद हा जिवाचा प्रश्न आहे. म्हणूनच वैद्यकीय उपकरणांसाठी वेगळं ईएमसी मानक आहे. अमेरिकेच्या एफडीएने पेसमेकर बसवलेल्यांना मोबाइल आणि स्मार्टवॉच पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितलंय, तेही यातल्या चुंबक आणि लहरींमुळेच.

ग्राहक म्हणून एक साधी गोष्ट करता येते. एखादा बल्ब किंवा चार्जर लावल्यावरच रेडिओ, वाय-फाय किंवा ब्रॉडबँड बिघडत असेल, तर तो काढून बघा. फरक पडला तर दोषी सापडला.

नियम मात्र वस्तू तयार झाल्यावर तपासतात. ती चांगली होणार की नाही हे खूप आधी, इंजिनिअर बोर्डावर पहिली रेघ ओढतो तेव्हा ठरतं. त्यामुळे लॅब वाढवण्याइतकंच, त्या रेघेआधी ईएमसी शिकवणंही गरजेचं आहे.