महामार्गावरील वेगमर्यादा : हेतू, परिणाम आणि निर्णयाधिकार
(अमेरिकेतील ५५ मैलांच्या मर्यादेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या वेगमर्यादेच्या फलकावर केवळ एक अंक असतो. वाहनचालकास तो अभियांत्रिकीचा अंतिम निष्कर्ष वाटतो. तो कोणी ठरविला, कोणत्या हेतूने ठरविला आणि तो हेतू आज शिल्लक आहे काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७४ ते १९९५ या काळात ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही राष्ट्रीय मर्यादा लागू होती. तिच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका :
अमेरिकेत वाहतुकीचे नियमन हा मूलतः घटक राज्यांचा अधिकार होय. कनेक्टिकट राज्याने १९०१ मध्ये मोटारींसाठी शहरात ताशी १२ व ग्रामीण भागात १५ मैल अशी मर्यादा घातली. पुढे राज्याराज्यांत भिन्न नियम रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, टायरच्या रबराची बचत व्हावी म्हणून देशभर ताशी ३५ मैलांची मर्यादा लादण्यात आली. युद्ध संपताच ती उठली. राष्ट्रीय वेगमर्यादेचा हा पहिला प्रयोगही सुरक्षिततेसाठी नव्हता, ही बाब लक्षणीय आहे.

युद्धोत्तर काळात मर्यादा ठरविण्याची एक अभियांत्रिकी पद्धत प्रचलित झाली. मोकळ्या रस्त्यावरील वाहनांचे वेग मोजावयाचे आणि ज्या वेगाच्या आत ८५ टक्के वाहने धावतात तो वेग, म्हणजेच ८५ वे शतमक, मर्यादेसाठी आधारभूत मानावयाचा. बहुसंख्य चालक विवेकी असतात, हे तिचे गृहीतक. सरासरी वेगाच्या आसपास धावणाऱ्या वाहनांना अपघाताचा धोका कमी असतो, असा डेव्हिड सोलोमन यांच्या १९६४ च्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. त्यानेही या पद्धतीस बळ मिळाले. मात्र तिच्यात एक अंगभूत दोष आहे. चालकांचा वेग वाढला की मर्यादा वाढते आणि मर्यादा वाढली की चालकांचा वेगही पुन्हा वाढू शकतो. शिवाय चालक स्वतःची सोय पाहतो. पादचाऱ्याची वा सायकलस्वाराची जोखीम त्याच्या हिशेबात असेलच असे नाही.

तेलसंकट आणि नवा कायदा :
ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक राष्ट्रांनी अमेरिकेस होणारा तेलपुरवठा रोखला. इंधन बचतीचा उपाय म्हणून संमत झालेल्या आणीबाणीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी स्वाक्षरी केली. संघीय सरकारने राज्यांचा अधिकार थेट काढून घेतला नाही; ५५ मैलांची मर्यादा न स्वीकारणाऱ्या राज्यास महामार्गांसाठीचा संघीय निधी मिळणार नाही, अशी तरतूद केली. राज्यांना निधी हवा होता, त्यामुळे सर्वांनी मर्यादा स्वीकारली. आरंभी तात्पुरती असलेली ही तरतूद जानेवारी १९७५ मध्ये कायमस्वरूपी करण्यात आली.

परिणामांचे विश्लेषण :
इंधनाची बचत माफक ठरली. महामार्गांवरील इंधनवापराच्या दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, असे अंदाज पुढे आले. याउलट, जो परिणाम कायद्याचा मुख्य हेतू नव्हता तो ठळकपणे दिसला. १९७३ मध्ये रस्ते अपघातांत सुमारे ५४ हजार माणसे मृत्युमुखी पडली होती. १९७४ मध्ये ही संख्या सुमारे ४५ हजारांवर आली. या घटीचे सर्व श्रेय वेगमर्यादेस देता येणार नाही, कारण इंधनटंचाईमुळे प्रवासही घटला होता. तथापि, नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९८४ च्या अहवालात या मर्यादेमुळे दरवर्षी २,००० ते ४,००० जीव वाचत असल्याचा अंदाज दिला. तेलासाठी केलेला कायदा आता माणसांसाठी टिकवावा, असा युक्तिवाद पुढे आला.

परंतु ज्या कारणासाठी लोकांनी कायदा मान्य केला ते कारण सरताच त्याचे पालनही सैल झाले. पश्चिमेकडील विस्तीर्ण, विरळ वस्तीच्या राज्यांत विरोध तीव्र होता. माँटाना राज्यात दिवसा मर्यादा ओलांडल्यास अवघा ५ डॉलर दंड होई. काँग्रेसने १९८७ मध्ये ग्रामीण आंतरराज्यीय महामार्गांवर ६५ मैलांची मुभा दिली. नोव्हेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने राष्ट्रीय मर्यादा संपुष्टात आली आणि निर्णयाधिकार राज्यांकडे परतला.

माँटानाने त्यानंतर मोटारींसाठी दिवसा अंकच ठेवला नाही. वेग ‘वाजवी व शहाणपणाचा’ असावा एवढाच दंडक ठेवला. ताशी ८५ मैल वेगाने गेलेल्या एका चालकाच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९८ मध्ये हा दंडक संदिग्ध म्हणून अवैध ठरविला. नागरिकास गुन्ह्याची सीमा आधी कळली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होय. परिणामी १९९९ मध्ये तेथे ७५ मैलांची मर्यादा आली. राष्ट्रीय मर्यादा उठल्यानंतरच्या काळाचा आढावा घेणाऱ्या २००९ मधील एका अभ्यासाने १९९५ ते २००५ या काळातील १२,५४५ मृत्यूंचा संबंध वाढविलेल्या वेगमर्यादांशी जोडला.

भारतीय संदर्भ :
आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ नुसार कमाल वेग केंद्र सरकार ठरविते, तर सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट क्षेत्रात वा रस्त्यावर तो कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने प्रवासी मोटारींसाठी द्रुतगती मार्गांवर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा दिली. ती अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्दबातल ठरविली. सुधारलेले रस्ते व इंजिने ही वेगवाढीची पुरेशी कारणे ठरतात काय, हाच येथेही कळीचा मुद्दा होता.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, वेगमर्यादा हे वेळ, इंधन आणि मानवी जीवित यांच्यातील तडजोडीचे अंकरूप आहे. मोजमापामुळे ही तडजोड डोळसपणे करता येते. ती टाळता मात्र येत नाही. अमेरिकेत मर्यादेचे खरे मोल ती लागू झाल्यावर उमगले. परंतु ते मोल लोकांना पटवून देण्याचे काम अपुरे राहिले आणि म्हणून कायदा टिकला नाही. मर्यादा बदलताना नव्या अंकाबरोबर त्याची अपेक्षित किंमत, म्हणजे किती मिनिटे वाचतील आणि किती जीव जातील, हे जाहीरपणे मांडले जावे, एवढी अपेक्षा या इतिहासातून निश्चितच व्यक्त करता येते.